दूरदेशीचा सोबती

तोबीतच्या ग्रंथात तरुण तोबिया लांबच्या प्रवासाला निघतो, तेव्हा त्याचा कुत्राही बरोबर चालतो. तसलाच एक सोबती आपल्या काळातही होऊन गेला.

२०१४ च्या नोव्हेंबरात दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात एक साहसी शर्यत चालली होती. मिकाएल लिंडनॉर्ड या स्वीडिश स्पर्धकाने एका जखमी, बेवारशी कुत्र्यापुढे मांसाचा गोळा टाकला. तेवढ्या घासावर तो कुत्रा चौघा स्पर्धकांच्या मागे चिखल आणि अरण्य तुडवीत निघाला. पुढे होडीचा टप्पा येताच त्याने पाण्यात उडी घेतली. लिंडनॉर्डने त्याला होडीत ओढून घेतले. त्याचे नाव आर्थर ठेवले.

त्याला स्वीडनला नेण्यासाठी सरकारी परवाना काढावा लागला आणि तेथे पोचल्यावरही सुमारे चार महिने त्याला विलग ठेवण्यात आले. हा नियम कोणास निष्ठुर वाटेल. परंतु पिसाळरोगाचे विष शरीरात शिरल्यावर लक्षणे दिसण्यास कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. आणि लक्षणे दिसल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. म्हणून परदेशातून आणलेल्या कुत्र्यासाठी लस व प्रतीक्षा आवश्यक ठरतात.

आर्थर त्या कुटुंबात सहा वर्षे सुखाने राहिला आणि २०२० च्या डिसेंबरात वारला.

आपल्या आळीतील ज्या कुत्र्याला आपण रोज भाकरी टाकतो, त्याला लस टोचली आहे काय, एवढे तरी उद्या विचारून पाहावे.