सेन्सर मेल्यावर काय सांगतो?

आजचा विषय फोटोइलेक्ट्रिक सेन्सर. नाव जड आहे, पण लिफ्टच्या दारात हात घातला की दार परत उघडतं ना, ते याचंच काम. दाराच्या एका बाजूने एलईडी प्रकाश सोडतात, दुसऱ्या बाजूचे रिसीव्हर तो पकडतात. मध्ये काही आलं की प्रकाश तुटतो. तो इन्फ्रारेड असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही, आणि ठरावीक वेगाने लुकलुकतो, त्यामुळे रिसीव्हर उन्हाला सहसा फसत नाही.

हा झाला थ्रू-बीम. दोन्हीकडे वायर ओढावी लागते, पण कित्येक मीटर चालतो आणि धुळीतही तग धरतो.

वायर वाचवायची तर रेट्रो-रिफ्लेक्टिव्ह. एलईडी आणि रिसीव्हर एकाच डबीत, समोर सायकलच्या मागे असतो तसला रिफ्लेक्टर. अडचण एकच. चकचकीत स्टीलचा डबा समोर आला की तोच आरसा बनतो, आणि सेन्सरला वाटतं रस्ता मोकळा आहे. यावरचा उपाय मला फार आवडतो: पोलरायझिंग फिल्टर. रिफ्लेक्टर प्रकाशाचं पोलरायझेशन फिरवून परत पाठवतो, स्टील तसं फिरवत नाही. सेन्सर फक्त फिरलेला प्रकाश मोजतो.

तिसरा डिफ्यूज. मॉलमधला आपोआप सुरू होणारा नळ आठवा. इथे तुमचा हातच प्रकाश परत पाठवतो. स्वस्त, लावायला सोपा. पण काळी वस्तू कमी प्रकाश परतवते, त्यामुळे जवळ आल्याशिवाय सापडत नाही. मागे पांढरी भिंत असली की तीच दिसते. त्यासाठी परतणाऱ्या प्रकाशाच्या कोनावरून अंतर ओळखणारे बॅकग्राउंड सप्रेशनवाले सेन्सर मिळतात.

आता मुद्द्याचं. यातला सेन्सर मेला तर मशीनला काय कळतं?

लिफ्टमधल्या थ्रू-बीमचे एलईडी गेले, तर रिसीव्हरकडे अंधार. म्हणजे “कोणीतरी मध्ये आहे”. दार उघडंच राहतं, लोक वैतागतात, पण कोणी चिरडत नाही. डिफ्यूजचा एलईडी गेला, तर प्रकाश परत येत नाही. म्हणजे “समोर कोणी नाही”. मशीन निवांत चालू राहतं. नळाला हे चालतं, एक हात कोरडा राहील. पॉवर प्रेसला नाही चालत. तिथे पत्रा आणि बोटं एकाच जागी जातात.

पण म्हणून साधा थ्रू-बीम लावून प्रेस सुरक्षित होते असंही नाही. त्याचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन “मोकळं आहे”वरच अडकू शकतो. शिवाय एकाच किरणाच्या वरून किंवा खालून हात सहज जातो. तिथे सेफ्टी लाइट कर्टन लागतो: किरणांची अख्खी रांग, दोन आउटपुट, आणि स्वतःला सतत तपासणारं सर्किट. त्याचं स्टँडर्ड आयईसी ६१४९६. प्रेसवर बोटांसाठी टाइप ४, १४ मिलिमीटर रिझोल्यूशनचा बघा.

आणि तो डायला चिकटवून लावायचा नाही. हिशोबात हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. कर्टन आणि प्रेस मिळून थांबायला ०.१ सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात हात २० सेंटीमीटर आत गेलेला असतो. म्हणजे कर्टन किमान तेवढा लांब. ब्रेक झिजला की थांबायचा वेळ वाढतो, आणि कालचं बरोबर अंतर आज कमी पडतं. त्यामुळे थांबायचा वेळ पुन्हा पुन्हा मोजावा लागतो, आणि टेस्ट रॉड रोज फिरवून बघायचा, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी.