नंबर आज्जीचा, बोटही आज्जीचंच

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात ज्येष्ठांच्या संगणक वर्गाविषयी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून ठराव झाले. महाराष्ट्र सरकारने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यावर दोन वक्ते बोलले. तो दावा दाखल झाला त्या वर्षी जन्मलेली मुलं आज मतदान करतात, एवढंच मी त्यात घालतो आणि माझ्या विषयाकडे वळतो. आजी-आजोबांना संगणक आणि इंटरनेट कसं शिकवायचं, हा माझा विषय. कार्यक्रमपत्रिकेत तो सर्वांत शेवटी, चहाच्या आधी छापला आहे. म्हणजे आपण त्याचं वजन काय धरलं आहे ते दिसतंच. माझी तक्रार नाही. पण हा विषय सकाळच्या ठरावांपासून फार लांबचा नाही, असं मला वाटतं. तसं का वाटतं, ते सांगतो.

खानापूर तालुक्यात माझी एक मावशी राहते. २०२३ साली राज्यात गृहलक्ष्मी योजना सुरू झाली, कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यावर महिन्याला २००० रुपये. मावशीनं अर्ज केला. पैसे आले की मोबाईलवर संदेश येतो, असं तिला सांगितलं होतं. तिच्या मोबाईलवर काहीच येईना. मग ती दर महिन्याला बसनं बँकेत जायची, रांगेत उभी राहायची, पासबुक छापून घ्यायची. कधी जमा असायचे, कधी नसायचे, कधी यंत्रच बंद. बायकांना बस फुकट झाली होती म्हणून बरं, नाहीतर अर्धे पैसे तिकिटातच गेले असते. काही महिन्यांनी मी पासबुक घेऊन चौकशी केली, तेव्हा कळलं की खातं काढताना ज्या शेजाऱ्यानं फॉर्म भरला, त्यानं स्वतःचाच नंबर लिहून दिला होता. त्याचा हेतू वाईट नव्हता. मावशीकडे तेव्हा फोनच नव्हता. पण तो पोरगा पुढे गोव्याला कामाला गेला, आणि मावशीच्या पैशाचा संदेश मडगावात वाजत राहिला.

आपल्या मागच्या पिढीत कोऱ्या कागदावर अंगठा घेतल्याच्या गोष्टी घराघरात आहेत. त्या ऐकून आपण हळहळतो. आणि त्याच घरात आज आजोबांचा ओटीपी कोण वाचून दाखवतं? दुकानदार, सेवा केंद्रातला पोरगा, बँकेच्या दारातला ओळखीचा माणूस. 'आजोबा, एक नंबर आला असेल बघा, सांगा.' आजोबा सांगतात. कशासाठी आला, खाली काय लिहिलं आहे, हे त्यांना वाचता येत नाही, कारण ते इंग्रजीत असतं. ज्यांनी सातवी मराठी शाळेतून केली, रोज सकाळी 'तरुण भारत' पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, ते गृहस्थ मोबाईल हातात आला की निरक्षर होतात. त्यांना अक्षरं येतात. येत नसलेली अक्षरं आपण त्यांच्यासमोर ठेवली आहेत.

तीन वर्षांपूर्वी मंडळाच्या सभागृहात आम्ही वर्ग सुरू केला. दोन जुने संगणक, बाकी ज्याचा त्याचा मोबाईल. सुरुवातीला आम्ही शाळामास्तरासारखं वागलो. फळ्यावर चित्र काढून हा मॉनिटर, हा कीबोर्ड, हा माउस असं चाललं. पहिल्या रविवारी चौदा जण आले होते, तिसऱ्याला पाच. एका आजोबांनी स्पष्टच सांगितलं, 'यंत्राचे भाग शिकून मला काय करायचंय? मी सायकल दुरुस्तीचं दुकान काढणार नाही की!'

त्यानंतर आम्ही पद्धत उलटी केली. पहिल्या दिवशी वर्तमानपत्र उघडायचं, तेही निधन वार्तेचं पान. हसू नका. आपल्याकडे म्हातारी माणसं पेपर तिथूनच वाचायला सुरुवात करतात. अक्षरं दोन बोटांनी ताणून मोठी करता येतात हे कळल्यावर एका काकूंनी चष्मा काढून ठेवला आणि पूर्ण पान वाचलं. त्या दिवसानंतर त्यांना बोलवावं लागलं नाही, चार वाजायच्या आधीच येऊन बसायच्या.

शिकवणाऱ्यांना काही गोष्टी सांगायला हव्यात, त्या पुस्तकात नसतात. म्हाताऱ्या माणसाचं बोट कोरडं असतं. पडदा ते ओळखत नाही, मग ते जोरात दाबतात, दाबून धरतात. दाबून धरलं की चिन्हं हलायला लागतात, जागा सोडतात, आणि आजोबांना वाटतं आपण मोडलं. तेव्हा पहिला धडा: हलकेच टेकवायचं, लगेच उचलायचं, भाकरी तव्यावर भाजली का बघतो तसं. हे आमच्या वर्गातल्याच एका आज्जीनं सुचवलं, आम्हाला नव्हतं सुचलं. शेतात राबलेल्या आणि शहापूर-वडगावात माग चालवलेल्या माणसांच्या बोटाचे ठसे पुसट होतात, रेशनला गेल्यावर यंत्र त्यांना ओळखत नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही, आणि ठशाच्या ऐवजी डोळ्यांनी, चेहऱ्यानं ओळख पटवायची सोय आधारमध्ये आहे, हे त्यांना माहीत असायला हवं. पेन्शनरांना दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारचं जीवन प्रमाण २०१४ साली आलं आणि २०२१ पासून मोबाईलच्या कॅमेऱ्यानं चेहरा दाखवून तो दाखला घरबसल्या देता येतो. आमच्या वर्गातल्या एका निवृत्त कंडक्टरांनी स्वतःच तो दिला आणि मग गल्लीतल्या पाच जणांचा करून दिला.

दुसरी गोष्ट, फोन हातातून ओढून घ्यायचा नाही. नातवंडं हेच करतात. 'आज्जी, दे इकडे,' म्हणतात, चार टिचक्या मारतात, 'झालं बघ' म्हणून परत देतात. काम होतं, आज्जी होती तिथेच राहते. आमच्या वर्गात नियम आहे की शिकवणाऱ्यानं हात पाठीमागे बांधायचे. मीसुद्धा बांधतो. फार अवघड जातं, विशेषतः समोरचा माणूस पाचव्यांदा तीच चूक करत असेल तर.

आता भाषेकडे येतो. फोन दुकानातून येतो तो इंग्रजीत. मराठी त्यात असते, पण कुणी लावत नाही. आम्ही पहिल्या रविवारी सगळ्यांचे फोन मराठीत करतो. यावर नातवंडांची मोठी तक्रार होती, 'आता आम्हाला काही सापडत नाही!' आणि इथे एक गोष्ट घडली, ती मी ठरवून केलेली नव्हती. एक सातवीतला मुलगा, इंग्रजी माध्यमातला, आज्जीला शिकवायला बसला होता. बटण कुठं असतं ते त्याला ठाऊक. पण पडद्यावर 'रद्द करा' आणि 'जतन करा' असे दोन शब्द, आणि तो अडला. आज्जीला विचारतो, 'रद्द म्हणजे?' आज्जी म्हणाली, 'बस रद्द झाली म्हणतो ना, तसं. नको ते.' मग 'जतन' आलं. त्यावर आज्जीनं लोणच्याच्या बरणीपासून आजोबांच्या पत्रांपर्यंत सगळं सांगितलं. तो मुलगा घरी मराठी बोलतो, पण वाचताना अक्षर लावून लावून वाचतो. असे किती आहेत आपल्या घरांत? हात वर करायला सांगत नाही, मला माहीत आहे. तेव्हापासून आम्ही जोडीनंच बसवतो. बटण नातवाचं, शब्द आज्जीचा. महिन्याभरात तो मुलगा निधन वार्ता वाचून दाखवायला लागला.

लिहिण्याचं आणखी वेगळं. रोमन अक्षरांत मराठी लिहायची सवय आपल्याला लागली आहे, पण ज्याला एबीसीडी सवयीची नाही त्याला ती वाट बंद आहे. त्यांच्यासाठी इन्स्क्रिप्ट उत्तम. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. ज्या कळीवर क, तिच्यावरच शिफ्ट धरून ख. तसंच त-थ, प-फ. ज्याला बाराखडी पाठ आहे त्याला ही रचना आपोआप समजते. आमच्या वर्गातले एक निवृत्त शिक्षक तीन आठवड्यांत अर्ज लिहायला लागले, त्यांचा इंजिनिअर मुलगा अजून 'maza' का 'majha' यात अडकला आहे. बोलून लिहायची सोयही आहे, पण ती पुण्याच्या मराठीवर वाढलेली दिसते. आपण 'काय करूलालास' म्हटलं की ती गोंधळते. म्हणून बोलायचं जरूर, पण वाचून तपासायचं.

या शिक्षकांनी पहिला अर्ज काय लिहिला ते सांगायला हवं, कारण त्यावरून मंडळात थोडा वाद झाला. त्यांच्या शेताच्या उताऱ्यावर नाव चुकलं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. पुढे २००० च्या सुमारास भूमी योजनेत हाती लिहिलेले उतारे जाऊन संगणकाचे आले. ते कन्नडमध्ये. २०२४ साली उताऱ्याला आधार जोडायची मोहीम निघाली, तेव्हा घरोघरी कळलं की आधारवरचं इंग्रजी नाव एक, उताऱ्यावरचं कन्नड नाव दुसरं आणि ट्रंकेतल्या कागदावरचं मराठी नाव तिसरं. चूक वीस वर्षं होती. दिसली नाही, कारण वाचणारा दुसराच होता.

मी तेव्हा सुचवलं की वर्गात प्रत्येकानं आपलं नाव, बापाचं नाव, गाव आणि कन्नड आकडे एवढं कन्नडमध्ये ओळखायला शिकावं. एक जुने कार्यकर्ते उठले, 'मंडळाच्या सभागृहात कन्नड अक्षरं?' त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे, त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत. पण मी त्यांना विचारलं, आपलं नाव चुकलं आहे हे ज्याला दिसत नाही, तो तक्रार कशाची करणार? आपल्यातले निम्मे म्हातारे बाजारात अस्खलित कन्नड बोलतात, फक्त वाचता येत नाही. शेजाऱ्याची लिपी ओळखणं वेगळं आणि आपली भाषा सोडणं वेगळं. मोबाईलचा कॅमेरा कन्नड कागदावर धरला की मराठीत भाषांतर दाखवतो, तेही आम्ही शिकवतो. मात्र तो नावांचंसुद्धा भाषांतर करून टाकतो, म्हणून जमिनीच्या कामात त्याच्यावर विसंबू नका.

उतारा कन्नडमध्ये वाचला, अर्ज मात्र शिक्षकांनी मराठीत लिहिला. राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं की गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याला देता येतं. आपल्या भाषणांत हे कलम शंभरदा येतं. पण त्या कलमाखाली स्वतः मराठीत अर्ज टंकून, स्वतः ई-मेलनं पाठवणारे आपल्यात किती? बहुतेक ठिकाणी ऑनलाइन फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत असतो, मराठीचा पर्याय नसतो, आपण निमूटपणे दुसऱ्याकडून तो भरून घेतो, आणि मराठीची गरज कुणाला आहे हे सरकारदरबारी उमटतच नाही. शिक्षकांनी एक प्रत ३५०-ब कलमाखालच्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांनाही पाठवली. उत्तर काय आलं म्हणाल, तर अजून फक्त पोच आली आहे. ती त्यांनी छापून घेतली आणि ट्रंकेत ठेवली आहे.

मंडळाकडे माझी मागणी एवढीच आहे की पुढच्या वर्षी मोर्चाच्या खर्चाबरोबर दोन चांगले संगणक, एक प्रिंटर आणि वीजबिलाची तरतूद व्हावी. आणि येळ्ळूर, कडोली, उचगाव इथल्या वाचनालयांत असाच वर्ग सुरू करायला चार-चार तरुण द्यावेत, हात पाठीमागे बांधता येणारे.

फसवणुकीबद्दल दोन वाक्यं. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक करत नाहीत, बँक ओटीपी मागत नाही. चुकून पैसे गेले तर लाजून घरात बसू नका, त्याच क्षणी १९३० हा नंबर लावा. हा नंबर आमच्या वर्गात प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलनं लिहिलेला आहे.

आणि हो, मावशी. तिचा नंबर बँकेत बदलून घेतला, फोन मराठीत करून दिला. पहिला संदेश आला त्या रात्री तिनं मला फोन केला, साडेनऊला, म्हणजे तिच्या दृष्टीनं मध्यरात्री. संदेश इंग्रजीतच होता. पण २००० हा आकडा तिनं ओळखला आणि पुढचं मला अक्षर अक्षर वाचायला लावलं. आता म्हणते, बँकेला मराठीत पत्र लिहायचं आहे, मला मराठीत का कळवत नाही म्हणून. येत्या रविवारी ती येणार आहे.

वर्ग दर रविवारी दुपारी ४ वाजता, सभागृहाच्या मागच्या खोलीत असतो. येताना चष्मा, चार्जर आणि पासबुक आणा. एखादं नातवंड असेल तर तेही आणा.