मालकी आणि मुखत्यारी : अज्ञान मुलाचे गुंतवणूक खाते

१८७५ साली मुंबईत शेअर दलालांची संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षीच्या सज्ञानता कायद्याने अठरा वर्षे पूर्ण होणे ही सज्ञानतेची सर्वसाधारण मर्यादा ठरविली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. परंतु पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी दलालाकडे खाते उघडावयाचे झाले, की बाजार आणि वयोमर्यादा यांची गाठ पडतेच. असे खाते निवडताना दलाली किती आणि ॲप किती सोयीचे, एवढेच पाहिले जाते. वस्तुतः मालकी कोणाची आणि मुखत्यारी, म्हणजे व्यवहाराचा अधिकार, कोणाची हा प्रश्न आधीचा आहे.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार करार करण्यास पक्षकार सज्ञान असावा लागतो, आणि मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये असा निर्णय दिला, की अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य होय. दलालाला दिलेला प्रत्येक आदेश हा करारच असल्याने अज्ञान मुलाला तो स्वतः देता येत नाही. मालकीला मात्र अशी आडकाठी नाही. सातबारावर अज्ञान वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असा शेरा मारून आईचे अथवा वडिलांचे नाव लिहिले जाते, तेव्हा जमीन मुलाची आणि कारभार पालकाचा, अशीच ती व्यवस्था असते.

डिमॅट खात्याची रचना याच धर्तीची आहे. डिमॅट खाते म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा ठेवण्याचे खाते. ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत असते आणि दलाल अथवा बँक तेथपर्यंत पोचविणारी मध्यस्थ असते. ट्रेडिंग खाते हे बाजारात खरेदी-विक्रीचे आदेश देण्याचे खाते. अज्ञान मुलाचे डिमॅट खाते एकट्याच्याच नावावर असते, त्यात सहधारक घेता येत नाही आणि सह्या पालकाच्या चालतात. ट्रेडिंग खाते मिळाले, तरी त्याचा उपयोग बहुधा हाती असलेले शेअर विकण्यापुरताच असतो. त्यामुळे अशा खात्यात शेअर येतात ते प्रामुख्याने वारशाने, पालकाच्या डिमॅट खात्यातून भेट म्हणून, किंवा नव्या समभाग विक्रीत पालकामार्फत केलेल्या अर्जातून. म्युच्युअल फंडाचा मार्ग याहून सुकर आहे : २०२३ पासून पालकाच्या बँक खात्यातूनही हप्ता भरता येतो, मात्र काढलेली रक्कम मुलाच्याच बँक खात्यात जमा होते. कराच्या बाबतीत मात्र मालकी पुरेशी ठरत नाही. अशा गुंतवणुकीचे उत्पन्न सामान्यतः ज्या पालकाचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात मिळविले जाते.

ही चौकट लक्षात घेतली, म्हणजे निवडीचे निकष आपोआप बदलतात. खरेदीच होणार नसेल, तर ‘शून्य दलाली’च्या जाहिरातीला फारसा अर्थ राहत नाही आणि वार्षिक देखभाल शुल्क महत्त्वाचे ठरते. मूलभूत सेवा डिमॅट खाते नावाचा प्रकार आहे. एका व्यक्तीला असे एकच खाते मिळते, आणि सप्टेंबर २०२४ पासून त्यात चार लाख रुपयांपर्यंतच्या शेअरवर हे शुल्क लागत नाही. विक्रीच्या वेळी डिमॅटमधून शेअर बाहेर जाताना ठरावीक आकार पडतो. तो पंधरा रुपये धरला, तर पाच हजारांच्या विक्रीत तो नगण्य असतो; पाचशेच्या विक्रीत मात्र तो तीन टक्के होतो, आणि लहान रकमांची गुंतवणूक करणाऱ्याला हाच फरक जाणवतो. यापुढचा प्रश्न असा, की अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर खाते सज्ञान करून देण्याची पद्धत त्या संस्थेकडे किती सुलभ आहे. कारण त्या दिवशी पालकाचा अधिकार संपतो, आणि नवी केवायसी, म्हणजे ओळखीची पुनर्तपासणी, होईपर्यंत व्यवहार अडून राहतात. अज्ञान मुलाच्या पॅन कार्डावर छायाचित्र व स्वाक्षरी नसते, तेही तेव्हा अद्ययावत करावे लागते.

खरेदीवरील ही बंधने जाचक वाटून पालकाच्याच खात्याचा पासवर्ड मुलाच्या हाती देण्याची पळवाट घरोघरी सुचू शकते. ती घेतली, तर नफा, तोटा आणि कर कायद्याच्या दृष्टीने पालकाचे ठरतात आणि ज्या व्यवहारांपासून मुलाला दूर ठेवलेले असते, तेच त्याच्यापुढे खुले होतात. सेबी या बाजार-नियामक संस्थेच्या २०२४ मधील अभ्यासानुसार फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे वायदे व्यवहारांमध्ये, उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी सुमारे ९३ टक्क्यांना २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत एकूण तोटाच झाला. हे गुंतवणूकदार सज्ञान होते.

म्हणून मुखत्यारीआधी लाभलेली मालकीची ही दोन-तीन वर्षे उमेदवारीची मानणे योग्य. खात्याचे येणारे प्रत्येक विवरणपत्र मुलाने वाचावे, लाभांश कोणत्या खात्यात आला ते शोधावे, कापलेल्या प्रत्येक रुपयाचे कारण विचारावे. आणि ज्या खात्यात या प्रश्नांची उत्तरे पालकालाही सहज सापडतात, तेच खाते निवडावे. सातबारावरील ‘अ.पा.क.’चा शेरा मूल सज्ञान झाल्यावर अर्ज करून काढता येतो. शेत कसण्याचे ज्ञान मात्र तोवर बांधावर उभे राहूनच मिळवावे लागते.