दृष्टीआडची कार्यसंस्कृती



मार्च २०२० च्या अखेरीस देशभर टाळेबंदी लागू झाली आणि बंगळूर, हैदराबाद, पुणे, चेन्नई, नोएडा येथील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची भव्य कार्यालये काही दिवसांतच ओस पडली. तोपर्यंत दूरध्वनीवरून ग्राहकसेवा पुरविणाऱ्या केंद्रांना कर्मचाऱ्यांकडून घरून काम करवून घ्यायचे, तर दूरसंचार विभागाच्या अनेक अटींची पूर्तता करावी लागे. मार्चमध्ये या अटी तात्पुरत्या शिथिल करण्यात आल्या आणि नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीची सक्तीच रद्द केली. नियमांची भिंत अशी आठ महिन्यांत दूर झाली. सवयीची भिंत मात्र एवढ्या लवकर हलत नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने एप्रिल २०२० मध्ये असा संकल्प जाहीर केला होता की, २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी २५ टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांना कार्यालयात असण्याची गरज राहू नये. त्याच कंपनीने २०२३ च्या ऑक्टोबरपासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले. परतीची हाक देताना अनेक कंपन्यांनी जे कारण पुढे केले, ते कार्यसंस्कृतीचे होते. म्हणून या कारणाचा नीट विचार होणे आवश्यक आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. घरून काम करण्याची मुभा देणे ही एक गोष्ट, आणि कोणीही समोर नाही असे गृहीत धरून कामाची सारी घडी बसविणे ही दुसरी. या दुसऱ्या पद्धतीला ‘रिमोट-फर्स्ट’ म्हणतात. पाच माणसे एका खोलीत बसली आहेत आणि दोघे पडद्यावरून बैठकीत सहभागी आहेत, अशी कल्पना करावी. बैठक संपते, पडदा मावळतो आणि खरा निर्णय दाराशी उभ्या उभ्या, चहाचा पेला हातात असताना होतो. मुभा त्या दोघांनाही मिळालेली असते. निर्णयातील वाटा मात्र मिळालेला नसतो.

कार्यसंस्कृती भिंतीवरील सुवचनांत नसते. चूक झाली तर ती प्रथम कोणाला सांगावी, ग्राहकाला नकार कसा द्यावा, वरिष्ठाचे मत चुकीचे वाटले तर ते कितपत बोलून दाखवावे, या गोष्टी नवा कर्मचारी शेजारच्या टेबलाकडे पाहून आणि डबा खाता खाता शिकतो. त्या कोणी लिहून ठेवलेल्या नसतात, कारण तशी गरजच कधी भासलेली नसते. इमारत सुटली की ही अलिखित संहिताही सुटते.

या संदर्भात ब्रिटनमधील स्टेफनी शर्ली यांच्या उद्योगाचे उदाहरण उद्‌बोधक आहे. नाझी राजवटीतून वाचविलेल्या बालकांपैकी एक म्हणून त्या १९३९ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, इंग्लंडला आल्या. १९६२ मध्ये अवघ्या ६ पौंडांच्या भांडवलावर त्यांनी ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ ही कंपनी स्थापन केली. विवाहामुळे किंवा मुलांमुळे नोकरी सोडावी लागलेल्या सुशिक्षित स्त्रिया घरी बसून संगणकाच्या आज्ञावली लिहीत. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांपैकी २९७ स्त्रिया होत्या. व्यवसायासाठी पाठविलेल्या पत्रांना उत्तरे येईनात, तेव्हा शर्ली यांनी ‘स्टीव्ह’ या पुरुषी नावाने सही करण्यास आरंभ केला आणि कामे मिळू लागली. कॉन्कॉर्ड या स्वनातीत विमानाच्या ‘ब्लॅक बॉक्स’ची आज्ञावली याच स्त्रियांनी आपापल्या घरी बसून सिद्ध केली.

साधन काय, तर घरचा दूरध्वनी! उमेदवार स्त्रीला तो उपलब्ध आहे काय, हा प्रश्न आवर्जून विचारला जाई. तथापि, या उद्योगाचा खरा पाया वेगळाच होता. कंपनी ग्राहकाकडून तासांचा मोबदला न घेता संपूर्ण कामाची ठराविक किंमत घेई. त्यामुळे ते काम कोणी, कोठे व केव्हा केले, हा प्रश्न गौण ठरला. कामाचे मानदंड काटेकोरपणे लिहून काढलेले होते. मानदंड लिखित आणि विश्वास गृहीत, या दोन खांबांवर ती कंपनी उभी होती. पुढे शर्ली यांनी कंपनीच्या मालकीतही कर्मचाऱ्यांना वाटा दिला. ज्यांना कार्यालयाने दार बंद केले होते, त्यांनीच कार्यालयावाचून कार्यसंस्कृती घडविली, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. ‘सी-ट्रिप’ या चिनी प्रवास-कंपनीच्या शांघाय येथील दूरध्वनी केंद्रात निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांपैकी सम तारखेस जन्मलेल्यांना नऊ महिने आठवड्यातून चार दिवस घरून काम देण्यात आले. त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. परंतु कामगिरीच्या मानाने त्यांना बढत्या कमी मिळाल्या. दृष्टीआड सृष्टी म्हणतात, ती अशी! शिवाय प्रयोगात सामील होण्यासाठी किमान सहा महिन्यांची नोकरी आणि घरी स्वतंत्र खोली असणे आवश्यक होते. म्हणजे ज्यांनी कंपनीची रीत आधीच आत्मसात केली होती, त्यांचेच हे यश होते. अगदी नवख्याची कसोटी तेथे लागलीच नाही.

मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२० मधील संपर्काचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दूरस्थ कामामुळे गट अधिक बंदिस्त झाले आणि निरनिराळ्या गटांना जोडणारे दुवे विरळ झाले, असे त्यात आढळले. ओळखीची माणसे एकमेकांशी बोलत राहिली. अनोळखी माणसाची सहज गाठ पडणे मात्र थांबले.

यावरून काही कर्तव्ये निष्पन्न होतात. निर्णय आणि त्यामागील कारणे लिहून सर्वांना उपलब्ध केली पाहिजेत. एकजण जरी दूर असला तरी बैठकीत प्रत्येकाने आपापल्या संगणकावरूनच सहभागी व्हावे. नवागतास पहिले काही महिने एक अनुभवी सोबती नेमून द्यावा, आणि त्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर लिखित संहितेत जमा व्हावे. वर्षातून काही दिवस सर्वांनी मुद्दाम एकत्र यावे. बढतीचा निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांनीही शक्यतो दूरूनच काम करावे. कारण अधिकार जेथे बसतो, तेथेच गर्दी जमते.

भारतात याला आणखी एक पदर आहे. दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि कार्यालयाचे काम एकाच टेबलावर येते, आणि त्याचा भार बहुधा स्त्रीवर पडतो. वेळेची मर्यादा न पाळणारी कंपनी तिला घरून काम करण्याची सोय देत नाही. तिच्या घराचेच कार्यालय करते. तिचा दिवस कोठे संपतो, हे ठरविणे हाही कार्यसंस्कृतीचाच भाग होय.

एखाद्या कंपनीने ही घडी खरोखर बसविली आहे काय, हे पाहायचे असेल, तर तिच्या संचालकांना विचारू नये. दूरच्या एखाद्या गावातून महिन्यापूर्वी कामाला लागलेल्या तरुण मुलीला विचारावे की, पहिली चूक झाली तेव्हा ती कोणाशी बोलली. तिला ते नाव तत्काळ सांगता आले, तर त्या कंपनीला कार्यसंस्कृती आहे असे निःशंकपणे म्हणता येईल.