भात वर्षाला पिकतो, व्याज महिन्याला वितं
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात कारखाने आणि इमारती वाढल्या, शेतं आक्रसली. उरलेल्या शेतात मुख्य पीक तेच, पावसाळी भात. पैसा हाती येतो वर्षातून एकदा, झोडणीनंतर. सावकाराची वही मात्र दर महिन्याला उघडते.

शेतकी कॉलेजात आम्ही भाताचे फुटवे मोजायला शिकलो. व्याजाचे फुटवे मोजायला शिकलो ते तुमच्या ओट्यावर बसून.

सावकार म्हणतो, 'शेकडा तीन रुपये, महिन्याला.' आपण बोटांवर मोजतो, बारा त्रिक छत्तीस. फसतो तो इथंच.

दहा हजार घेतले. पहिल्या महिन्याचे ३०० थकले, ते मुद्दलात मिसळले. दुसऱ्या महिन्याचं व्याज १०,३०० वर, म्हणजे ३०९. नऊ रुपयांसाठी कोण भांडणार? पण वर्षाअखेर देणं होतं १४,२५८. दर ३६ नव्हे, साडेबेचाळीसच्या वर! एक हंगाम बुडाला, दुसरं वर्ष गेलं, की देणं २०,३२८. मुद्दलाची दुप्पट, तीही दोन वर्षांच्या आत.

हीच चक्रवाढ ठेवीत आपल्या बाजूनं असते, पण किती? जमिनीच्या पैशातले लाख रुपये सात टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीनं ठेवले, तर वर्षाला ७,१८६ मिळतात. चक्रवाढीची कमाई १८६ रुपये. तेवढ्याच सावकारी कर्जावर चक्रवाढीचा भुर्दंड ६,५७६ रुपये. म्हणून घरात ठेव असताना तीन रुपये शेकड्यानं कर्ज काढणं म्हणजे शेताचा बांध आपल्याच हातानं फोडणं.

कायदा अगदीच मुका नाही. दामदुपटीचा नियम जुना आहे; राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानंही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. शेतीकर्जावर बँकांनी चक्रवाढ लावायचीच तर त्या भागातला पीकक्रम पाहून वर्षातून किंवा सहा महिन्यांतून एकदाच लावावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये सांगितलं. कारण आपलं तेच: पीक महिन्याला नव्हे, हंगामाला येतं.

तेव्हा अंगठा किंवा सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. व्याज मुद्दलात किती महिन्यांनी मिसळणार? वर्षाअखेर एकूण देणं किती? उत्तर कागदावर घ्या. कागद मिळत नसेल, तर पैसे घेऊ नका. आधी आमच्याकडे या. हिशेब एकत्र बसून मांडू.