भुंगेरा, तळे आणि अक्षर
(हीरक महोत्सवी सोहळ्यातील भाषण)



शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलीत नेणारा भुंगेरा खेड्यातील माणसाला परिचित असतो. प्राचीन इजिप्शियनांना त्या गोळ्यात आकाशातून सरकणारा सूर्य दिसला. प्रभातसूर्याचा देव खेप्री त्यांनी याच रूपात कल्पिला. त्यातूनच बोटाच्या पेराएवढे भुंगेऱ्याचे ताईत घडू लागले. मऊ दगड कोरून त्यावर झिलई चढवीत आणि सपाट पोटावर नाव, शुभचिन्ह वा प्रार्थना खोदीत. अंगठीत बसवला की तोच ताईत शिक्क्याचे काम करी. मृताच्या छातीवर ठेवायच्या मोठ्या भुंगेऱ्यावर हृदयालाच विनवणी असे, की न्यायाच्या वेळी आपल्या धन्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.

इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात तिसऱ्या आमेनहोतेप राजाने या भुंगेऱ्यांकडून वार्ताहराचे काम करून घेतले. विवाह, सिंहांची शिकार अशा घटना कोरलेले त्याचे दोनशेहून अधिक भुंगेरे आज उपलब्ध आहेत. काहींवर कारकिर्दीच्या ११ व्या वर्षाची नोंद आहे. राणी तियेसाठी ३७०० हात लांब व ७०० हात रुंद तळे करण्याची आज्ञा झाली आणि पंधरवड्यात राजाने त्यात नौकाविहार केला, असे ती सांगते. ते तळे आज कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तळहातावर मावणारा दगड मात्र उरला आहे.

बेळ्ळंदूरच्या रहिवाशांनी ही कथा विशेष लक्षात ठेवावी. बंगळूरचे सर्वांत मोठे तळे याच परिसरात आहे. शहराच्या सांडपाण्याने त्यावर फेसाचे डोंगर उठले, २०१५ मध्ये त्या फेसाने पेट घेतला आणि जानेवारी २०१८ मध्ये तळ्यावरील आग विझवण्यास लष्कराचे जवान उतरले. पाण्याला आग लागल्याची नोंद पुढील पिढ्या वाचतील, तेव्हा ती विझल्यानंतर काय झाले, हेही त्या विचारतील.

शाळेची ही स्मरणिकाही एक कोरलेला दगडच आहे. साठ वर्षांची नावे तीत सुरक्षित राहतील. तळे आणि शाळा मात्र रोज राखावी लागतात. विद्यार्थ्यांनो, घरातून सांडपाण्यात काय सोडले जाते, ते कोठे जाते, हे विचारायला आजपासून शिका. उद्या हिशेबाची वेळ येईल, तेव्हा हृदयाला गप्प बसवणारा ताईत कोणाजवळही नसेल.