खुर्चीपर्यंतच्या पायऱ्या

आम्ही नशिराबादच्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

शाळेला शिक्षक कमी पडला की आपण म्हणतो, "वरून येईल तेव्हा येईल." हे 'वर' म्हणजे कोण? आमच्या बैठकीत हा विषय निघाला आणि त्यातून दुसरा निघाला. गटातल्या एकीची पोरगी बारावी झाली. घरात स्थळाची बोलणी सुरू झाली आणि पोरगी म्हणते, "मला साहेब व्हायचंय, शाळांची." घरचे हसले. आम्ही मात्र माहिती काढली, ती तुम्हालाही सांगतो.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा ज्यांच्या अखत्यारीत असतात ते शिक्षणाधिकारी. जळगावला जिल्हा परिषदेत त्यांचं कार्यालय आहे. ते जिल्हा परिषदेत बसतात, पण अधिकारी असतात राज्य सरकारचे. म्हणून त्यांची बदली दुसऱ्या जिल्ह्यात होते.

तिथं जायच्या वाटा दोन. पहिली शाळेतून जाते. बारावीनंतर दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका, मग शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आणि भरतीची अभियोग्यता चाचणी. नेमणूक झाली की आधी तीन वर्षं मानधनावर शिक्षण सेवक, त्यानंतर कायम शिक्षक. पुढं मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी अशा पायऱ्या आहेत. काही जागा सेवाज्येष्ठतेनं, काही परीक्षेनं मिळतात. नोकरी करता करता पदवी आणि बी.एड. केलं तर वरची दारं उघडतात. ही वाट लांब आहे, पण पहिल्या पायरीपासून हातात पगार असतो.

दुसरी वाट स्पर्धा परीक्षेची. पदवी झाल्यावर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत. शिक्षण खात्यातली अधिकारपदं या वाटेनंही भरतात. वाट जवळची दिसते, पण जागा थोड्या आणि उमेदवार फार. म्हणून आम्ही त्या पोरीला सांगितलं, परीक्षेची तयारी कर, पण हाताशी पदवी आणि नोकरीचं शिक्षणही ठेव.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडलेलं शाळा मंडळच असा अधिकारी नेमतं. आपल्याकडं तसं नाही. पण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं आपल्यालाही जागा दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत निदान 75 टक्के पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. बायांनो, नुसती सही करून घरी येऊ नका. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत मुलं असली तरी दोन शिक्षक हवेत, हेही त्याच कायद्यात आहे.

शिक्षक कमी असेल तर समितीचा ठराव करा. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, आणि तिथंही काम झालं नाही तर शिक्षणाधिकारी. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं.

आपल्या शेजारच्या असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे आणि आपल्या पोरींच्या पदवीच्या कागदावर ते छापून येतं.

त्या पोरीच्या घरी आमच्यातल्या चौघी जाऊन बसल्या. स्थळ सध्या थांबलंय, पदवीचा प्रवेश झालाय. पहिल्या वर्षाच्या फीसाठी गटानं आईला कर्ज दिलं, हप्ता ठरवून, नेहमीच्या व्याजानं. म्हशीसाठी आपण कर्ज देतो, मग पोरीच्या शिक्षणासाठी का नको? तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढा एक विषय घ्या.